डास चावल्याने एड्स होत नाही, हे कुणी सिद्ध केलं?

सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, कुठे ना कुठे तो तक्ता आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. डावीकडे 'एचआयव्ही कशामुळे पसरतो': असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, बाधित आईकडून बाळाला. उजवीकडे 'कशामुळे पसरत नाही': हात मिळवणं, एकत्र जेवणं, एकच संडास वापरणं, खोकला, शिंक, डास. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, त्यामुळे पाठ करायचं आणि मोकळं व्हायचं.

माझं पीएचडीचं काम एचआयव्हीवर नाही, दुसऱ्याच एका विषाणूवर आहे. पण या तक्त्याने मला बरेच दिवस छळलंय, कारण त्याच्या दोन बाजू एकाच जातीच्या नाहीत. संसर्ग अमुक मार्गाने होतो हे दाखवायला दोन-चार पक्की उदाहरणं पुरतात. तो अमुक मार्गाने होत नाही, हे दाखवायला किती उदाहरणं लागतात? शंभर? हजार? आणि ती गोळा होईपर्यंत लोकांनी काय धरून चालायचं?

एड्सच्या इतिहासात याचं उत्तर फार ठळक दिसतं. तक्त्याची डावी बाजू दोन वर्षांच्या आत तयार झाली, तीही विषाणू कुणी पाहिलेला नसताना. उजवी बाजू लिहायला पस्तीस-चाळीस वर्षं लागली. ती लिहिली जात असताना कुणाची शाळा गेली, कुणाची नोकरी गेली, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात एका माणसाला पोलिसांनी उचलून ६४ दिवस कोंडून ठेवलं.

आधी डावी बाजू उरकू.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांबद्दल एक छोटी नोंद छापून आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला होता. हा आजार सहसा प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या माणसालाच होतो. हे तर धडधाकट तरुण होते. नोंद छापून येईपर्यंत त्यातले दोघे वारले होते. पाचही जण समलिंगी होते, आणि तिथून पुढे बराच काळ सगळ्यांचं लक्ष त्या एकाच गोष्टीवर खिळून राहिलं. आजार त्यांच्या राहणीमुळे झाला असेल, पार्ट्यांमध्ये हुंगल्या जाणाऱ्या एका रसायनामुळे झाला असेल, असे तर्क सुरू झाले.

त्या तर्कांना पहिला मोठा तडा जुलै १९८२मध्ये गेला. हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना तोच न्यूमोनिया झाला. हिमोफिलियात रक्त गोठत नाही, म्हणून रुग्णाला रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' बाहेरून द्यावा लागतो. त्या काळी तो हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून, त्यापासून पावडर बनवून दिला जाई. आता गंमत बघा. ही पावडर बनवताना द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला जातो की जिवाणू आणि बुरशी त्यात अडकतात. म्हणजे जे काही पलीकडे गेलं ते जिवाणूपेक्षा लहान असणार. विषाणूचा पत्ता लागायच्या दहा महिने आधी 'हा विषाणूच असावा' असं सांगणारा हा पुरावा एका गाळणीने दिला होता.

त्याच डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका २० महिन्यांच्या बाळाची नोंद झाली. जन्मानंतर त्याला बऱ्याच वेळा रक्त द्यावं लागलं होतं. दात्यांपैकी एकाला पुढे एड्स झाला, पण रक्त दिलं तेव्हा तो अगदी ठणठणीत होता. म्हणजे न दिसणारा संसर्गही पुढे जातो. आठवड्याभराने आईकडून बाळाला लागण झाली असावी अशी काही मुलं नोंदली गेली. जानेवारी १९८३मध्ये बाधित पुरुषांच्या दोन जोडीदार स्त्रियांची नोंद आली. झाली डावी बाजू पूर्ण! पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँताग्निए आणि सहकाऱ्यांचा विषाणू सापडल्याचा शोधनिबंध मात्र २० मे १९८३ला आला.

साथरोगतज्ज्ञांना हे इतक्या लवकर जमलं त्याचं एक कारण हिपॅटायटिस बी. रक्त, संभोग, सुई आणि आई-बाळ, हे चारही मार्ग त्या काविळीचेच होते. नवा आजार जुन्या आजाराच्या पावलावर पाऊल टाकत होता. आणि हिपॅटायटिस बी हवेतून किंवा अन्नातून पसरत नाही हे माहीत होतं. म्हणजे उजव्या बाजूचा पहिला मसुदाही हाताशी होता. पण मसुदा म्हणजे पुरावा नव्हे.

मे १९८३मध्ये, पॅरिसच्या शोधनिबंधाच्या दोनच आठवडे आधी, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख छापले गेले. एक न्यू जर्सीच्या जेम्स ओलेस्के यांचा, दुसरा न्यूयॉर्कच्या आर्ये रुबिनस्टाइन यांचा. दोन्हींचा विषय एकच: गरीब वस्त्यांमधली, प्रतिकारशक्ती कोसळलेली लहान मुलं. रुबिनस्टाइन यांचं वाचन असं की मुलांना हे आईकडून, जन्माआधी किंवा जन्मताना मिळालं. ओलेस्के यांच्या लेखातून दुसरी शक्यता पुढे आली, की मुलं एड्सचा धोका असलेल्या घरांत राहतात, तर घरातल्या सहवासातूनच लागण झाली असेल. सोबतच्या संपादकीयात तरुण अँथनी फाउची यांनी 'तसं असेल तर त्याचे परिणाम फार मोठे असतील' या सुरात लिहिलं. (हो, तेच फाउची, कोविडच्या काळात रोज बातम्यांत दिसायचे ते.)

'तसं असेल तर' हे तीन शब्द बातम्यांमध्ये टिकले नाहीत. घरातल्या संपर्काने एड्स पसरू शकतो, एवढंच उरलं. सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांना मास्क आणि हातमोजे दिले गेले. त्याच सप्टेंबरमध्ये सीडीसीने स्पष्ट सांगितलं की अन्न, पाणी, हवा, वस्तू किंवा साधा संपर्क यांतून हा आजार पसरत असल्याचं दिसलेलं नाही. पण चार महिने आधी गेलेली बातमी कोण परत आणणार? मला वाटतं, एड्सच्या भीतीचा निम्मा इतिहास या चार महिन्यांत दडलेला आहे.

आता 'होत नाही' सिद्ध करायचं कसं, हे बघू. इथे संख्याशास्त्रातला एक साधा नियम कामी येतो, त्याला तिनाचा नियम म्हणतात. समजा तुम्ही शंभर माणसं तपासली आणि एकालाही लागण नाही. तर खरा धोका शून्य आहे असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की तो बहुधा १००पैकी ३पेक्षा कमी आहे. तीनला माणसांच्या संख्येने भागायचं. हजार तपासली तर हजारात ३पेक्षा कमी. म्हणजे शून्य कधी हाताला लागतच नाही, त्याच्या जवळ सरकत राहायचं.

मार्च १९८५मध्ये रक्ताची एलायझा चाचणी आली आणि या प्रश्नाचं उत्तर शोधणं पहिल्यांदा शक्य झालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जेराल्ड फ्रीडलंड आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरातली १०१ माणसं तपासली. लैंगिक जोडीदार यातून वगळलेले. ही माणसं रुग्णासोबत निदान तीन महिने एका छताखाली राहिलेली होती. घरं गरिबांची, दाटीवाटीची. त्यांनी एकमेकांची भांडी, पेले, टॉवेल, कंगवे वापरलेले, एक संडास-मोरी वापरलेली, एका अंथरुणात झोपलेली. काही जणांनी तर एकमेकांचा दातांचा ब्रश आणि दाढीचा रेझरही वापरला होता. १०१पैकी एकाच्याच रक्तात लागण दिसली, एका पाच वर्षांच्या मुलीच्या, आणि तिला ती जन्मताना आईकडून मिळाली असण्याचीच शक्यता होती. बाकी शंभर कोरे.

हा शोधनिबंध ६ फेब्रुवारी १९८६ला छापून आला. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो प्रयोगशाळेत झालेला नाही. कुणी बसून ब्रश आणि कंगव्यांचे प्रश्न विचारले. रोगापेक्षा गरिबीबद्दलच जास्त सांगणारी ती यादी आहे, आणि त्या गरिबीनेच विज्ञानाला पुरावा दिला. ज्यांना वेगळा टॉवेल परवडत नव्हता त्यांच्यामुळे कळलं की वेगळा टॉवेल लागत नाही.

त्याच महिन्यात, २१ फेब्रुवारीला, इंडियाना राज्यातला रायन व्हाइट नावाचा मुलगा एका दिवसासाठी शाळेत परतला. त्याला हिमोफिलिया होता, फॅक्टर आठमधून लागण झाली होती, निदान झालं तेव्हा तो १३ वर्षांचा होता. शाळेने प्रवेश नाकारल्यावर घरच्यांनी दाद मागितली. तो आला त्या दिवशी ३६०पैकी १५१ मुलं घरी राहिली, आणि दुसऱ्या बाजूच्या पालकांनी न्यायालयातून मनाई मिळवून त्याला पुन्हा बाहेर काढलं. हा मुलगा घरोघर वर्तमानपत्रं टाकायचा. काही लोकांनी पेपर बंद केला, कागदातून रोग येईल म्हणून. पुढे शाळेत घेतलं तेव्हाही वेगळा संडास आणि वापरून फेकायचे काटे-चमचे. ब्राँक्समधले शंभर कोरे निकाल छापून झालेले होते, पण ते या गावातल्या पालकांपर्यंत कसे पोहोचणार होते? रायन १९९०मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी गेला.

आता डास. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला कधीच मूर्खपणाचा वाटला नाही. डास रक्त पितो, एकाचं पिऊन दुसऱ्याला चावतो, हिवताप आणि डेंग्यू पसरवतो. मग एचआयव्ही का नाही? आपल्या देशात तर ज्याने मलेरिया अनुभवलाय त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१९८५च्या सुमारास फ्लोरिडातलं बेल ग्लेड हे गाव बातम्यांत आलं. ओकीचोबी तळ्याकाठी, भोवती उसाचे मळे, वस्ती हंगामी शेतमजुरांची, पडकी घरं आणि डासांचा सुकाळ. आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या आठवल्या तर चित्र फार वेगळं नाही. लोकसंख्येच्या मानाने इथे एड्सचे रुग्ण फार होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा नेहमीच्या 'धोक्याच्या गटां'शी संबंध दिसत नव्हता. काही डॉक्टरांनी डासांकडे बोट दाखवलं आणि देशभर घबराट पसरली.

सीडीसीच्या पथकाने तिथे घरोघर जाऊन तपासणी केली. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, कारण तो समजायला पदवी लागत नाही. डास वय बघून चावत नाही. पाळण्यातल्या पोराला चावतो, ओट्यावर बसलेल्या आजोबांनाही चावतो. डासांमुळे रोग पसरत असता तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यातही लागण सापडली असती. प्रत्यक्षात दोन ते दहा वर्षांच्या मुलांत आणि साठीच्या पुढच्या माणसांत एकही बाधित सापडला नाही. डासांमार्फत पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूंच्या खुणा ज्यांच्या रक्तात होत्या, त्यांच्यात एचआयव्ही जास्त आहे असंही दिसलं नाही. घराघरांत लागण सापडली ती जोडीदारांमध्ये. मार्ग जुनेच होते, फक्त लोकांनी मुलाखतीत ते आधी सांगितले नव्हते.

मग डासाच्या पोटात नेमकं काय होतं? डासाच्या सोंडेत दोन वेगळ्या नळ्या असतात. एकीतून रक्त वर जातं, दुसरीतून लाळ खाली येते. चावताना डास मागच्या माणसाचं रक्त तुमच्यात सोडत नाही, फक्त स्वतःची लाळ सोडतो. तेव्हा पोटातल्या जंतूला पुढे जायचं तर पोटाची भिंत ओलांडून लाळग्रंथीपर्यंत प्रवास करावा लागतो. मलेरियाचा परजीवी तो करतो, आणि हा प्रवास रोनाल्ड रॉसने १८९७-९८मध्ये आपल्याकडेच, सिकंदराबाद आणि कलकत्त्यात उलगडला. एचआयव्हीला मात्र शिरायला माणसाच्या सीडी४ पेशी लागतात. डासाकडे त्या नाहीत. त्यामुळे विषाणूची तिथे वाढ होत नाही, तो रक्तासोबत पचून जातो. एचआयव्हीसाठी डासाचं पोट म्हणजे स्मशान.

हातमोजे आणि काटे-चमचे अमेरिकेत वेगळे होत होते तेव्हा भारतात 'हा आपला आजार नाही' असं म्हणणं चालू होतं. ते खोटं ठरवलं एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या एस. निर्मला यांना त्यांच्या मार्गदर्शक सुनीती सॉलोमन यांनी प्रबंधासाठी हा विषय सुचवला. (सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या.) निर्मला यांनी देहविक्रयाच्या आरोपाखाली सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं, तेही हातमोजे वगैरे काही नसताना. नमुने ठेवायला जागा नाही म्हणून ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, जेकब जॉन यांच्याकडे झाली, आणि १९८६मध्ये भारतातले पहिले बाधित नमुने सापडले. माझ्या वयाच्या कुठल्याही संशोधकाला तो घरचा फ्रीज ऐकून आधी घाम फुटेल आणि मग हेवा वाटेल.

विषाणू सापडला, पाठोपाठ कायदा आला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधित व्यक्तीला वेगळं कोंडून ठेवण्याची तरतूद घालण्यात आली. फेब्रुवारी १९८९मध्ये म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण तिच्या तावडीत सापडला. तो नियमित रक्तदान करायचा. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत लागण दिसली. त्याला काही समजावून सांगण्याआधी पोलीस ठाण्यावर बोलावलं गेलं, तिथून रुग्णालयात, आणि मग एका वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत. ६४ दिवस.

ती इमारत क्षयरोगाची होती, यावर थोडं थांबू या. क्षय हवेतून पसरतो, एचआयव्ही पसरत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात क्षय आणि कुष्ठरोगाचा जुना साचा होता, नवा विषाणू त्यांनी त्यातच ओतला. ब्राँक्सचा शोधनिबंध येऊन तीन वर्षं झाली होती. आणि ज्याला कोंडलं तो स्वेच्छेने रक्त देणारा माणूस होता. ज्याच्यामुळे गावाला कळायला हवं होतं की रक्ततपासणी किती गरजेची आहे, त्याच्यामुळे गावाला कळलं ते एवढंच, की रक्त दिलं तर पोलीस येतात.

त्याची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे धाव घेतली. डॉमिनिकची सुटका झाली, पण निकालात न्यायालयाने कायद्यातली तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही. कोंडून ठेवण्याने व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो हे मान्य, पण सार्वजनिक हिताशी संघर्ष झाला तर हित वरचढ, असा एकूण सूर होता. 'होत नाही' हे ज्ञान न्यायालयात मांडलं गेलं आणि ते कमी पडलं. डॉमिनिकने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. १९९२मध्ये तो गेला.

त्याच न्यायालयाने १९९७मध्ये वेगळी दिशा घेतली. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला केवळ लागण आहे म्हणून कायम नोकरी नाकारली होती. नावं उघड होऊ नयेत म्हणून हा खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' याच नावाने ओळखला जातो. माणूस काम करायला सक्षम आहे आणि सोबत काम करणाऱ्यांना त्याच्यापासून खरोखरचा धोका नाही, तर नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. 'खरोखरचा धोका' मोजायला त्या उजव्या बाजूचाच आधार लागतो. आठ वर्षांत पुरावा फारसा बदलला नव्हता, तो ऐकणारे बदलले होते.

एव्हाना डाव्या बाजूचंही एक खरं कळलं होतं: 'पसरतो' म्हणजे दर वेळी पसरतो असं नाही. बाधित रक्ताची पिशवी चढवली तर दहापैकी नऊहून अधिक वेळा लागण होते. म्हणूनच भारतात रक्ताची तपासणी सक्तीची झाली आणि १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त विकण्यावर बंदी आली. दूषित सुई टोचली तर हजारात सुमारे ३ वेळा. (आमच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात हे सांगतात. सोबत हेही, की लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट असतो, आणि एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं.) स्त्रीला बाधित पुरुषाकडून योनीसंभोगात दर दहा हजार वेळांत सुमारे ८, गुदसंभोगात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला सुमारे १३८. औषध नसेल तर आईकडून बाळाला शंभरात १५ ते ४५. १९९४मध्ये एका मोठ्या चाचणीत एकाच औषधाने हे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आणलं, आज नीट उपचार मिळाले तर ते एक-दोन टक्क्यांच्याही खाली जातं.

या आकड्यांचा गैरअर्थ काढू नका. दहा हजारात आठ म्हणजे 'काही होत नाही' असं नव्हे, कारण संबंध एकदाच येत नाही. आणि नुकती लागण झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू प्रचंड असतो, तेव्हा धोका कैक पटींनी वाढतो. पण याच वाक्यात पुढची गोष्ट दडलेली आहे. धोका विषाणूच्या संख्येवर ठरत असेल, तर औषधाने ती संख्या जवळजवळ शून्यावर आणली तर?

जानेवारी २००८मध्ये स्वित्झर्लंडच्या काही तज्ज्ञांनी धाडसाने लिहिलं, की नियमित औषध घेणारा, सहा महिने रक्तात विषाणू न सापडलेला आणि दुसरा कुठला गुप्तरोग नसलेला माणूस संभोगातून एचआयव्ही पसरवत नाही. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पुरावा कुठाय? प्रश्न रास्त होता, तिनाचा नियम सगळ्यांनाच लागू.

पुरावा जमवण्यात आपणही होतो. 'एचपीटीएन ०५२' या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, प्रत्येकातला एक बाधित, एक नाही. भारतातली केंद्रं दोन: चेन्नईत सुनीती सॉलोमन यांनी उभारलेली संस्था, आणि पुण्यात भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी. निम्म्यांना औषध लगेच दिलं, निम्म्यांना त्या वेळच्या नियमानुसार प्रतिकारशक्ती खालावल्यावर. कुणाला लागण झाली की दोघांच्या विषाणूंचे जनुकीय क्रम ताडून बघायचे, म्हणजे ती जोडीदाराकडूनच आली की बाहेरून ते कळतं. मे २०११मध्ये निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडून आलेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात, लगेच औषध मिळालेल्यांत फक्त एक. ९६ टक्के घट. पुण्यातली कुठली जोडपी यात होती हे कुणालाच कळणार नाही, कळूही नये. पण या शास्त्रात त्यांचा वाटा ब्राँक्सच्या त्या शंभर माणसांइतकाच आहे.

मग युरोपातला 'पार्टनर' अभ्यास. दुसऱ्या टप्प्यात, २०१९मध्ये, ७८२ समलिंगी जोडपी आणि निरोधाशिवाय आलेले सुमारे ७६ हजार संबंध. १५ जणांना नवीन लागण झाली, पण जनुकीय क्रम जुळवल्यावर एकही घरातल्या जोडीदाराकडून आलेली नव्हती. शून्य. १९८६मध्ये तीनला शंभराने भागत होतो, आता कुठे पोहोचलो बघा. रक्तात विषाणू सापडत नसेल तर तो संभोगातून पसरत नाही, ही ओळ आता उजव्या बाजूला लिहिता येते. आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांवर ती मला अजून दिसलेली नाही. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा मात्र आला. त्याने नोकरी, शिक्षण, उपचार आणि भाड्याचं घर यांत भेदभावाला बंदी केली आणि संमतीशिवाय चाचणी बेकायदा ठरवली.

एक ओळ अजून मधल्या रेषेवर अडकली आहे, ती स्तनपानाची. औषध घेणाऱ्या आईच्या दुधातून बाळाला लागण होते का? भारतासह सात देशांत झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांच्या शेवटी लागणीचं प्रमाण ०.३ टक्के आलं, वर्षाअखेर ०.६ टक्के. फार कमी, पण शून्य नाही. दुधात विषाणूखेरीज विषाणू दडलेल्या पेशीही असतात, त्यांचं काय करायचं यावर अजून काम चालू आहे. जिथे पाणी शुद्ध नाही आणि पावडरचं दूध परवडत नाही, तिथे बाळ अतिसाराने दगावण्याचा धोका यापेक्षा मोठा ठरतो. म्हणून औषध चालू ठेवून अंगावर पाजा, असा सल्ला अशा देशांत दिला जातो. अमेरिकेने अनेक वर्षं सरसकट नको म्हटलं आणि २०२३मध्ये तिथेही आईशी बोलून ठरवा इथवर येऊन ठेपले.